नुसतं उभं राहायचं तर केवढा खटाटोप!

शरीरक्रियाशास्त्राचं एक पुस्तक हाती लागलं आणि तेव्हापासून उठणारा माणूस दिसला की मी बघतच राहतो! अहो, आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त बघता बघता पोटाकडं आणि पायांकडं उतरतं. पाऊण लिटर! हृदयाकडं परतणारं रक्त घटतं, दाब घसरतो, आणि मेंदू बसलाय पार वरती. दर वेळी भोवळच यायला हवी. येत नाही!

कारण मानेत, जबड्याच्या कोनाखाली, जिथं नाडी लागते ना, तिथं रोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. हृदयावरच्या महारोहिणीच्या कमानीतही तशीच. ताण जरा सैलावला की मेंदूच्या तळाशी वर्दी जाते, एक-दोन ठोक्यांत हृदय धावायला लागतं, मागोमाग पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळतात. (याच जागांवर काम करणाऱ्या बेल्जियमच्या हेमान्स यांना १९३८चं नोबेल मिळालं, पण श्वासाच्या नियमनासाठी!)

खोटं वाटतं? निवांत पडा, मनगटावर बोटं ठेवा, झटकन उठा. दहा-पंधरा सेकंद नाडी अशी पळते! अर्ध्या मिनिटात बरीचशी सावरते.

आणि मग आठवली आपली ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे केज, धारूर, पाटोद्याकडची बिऱ्हाडं कारखान्यांच्या वाटेला लागतात. वाकून बुडख्याला कोयता घालायचा, उभं राहून वाढं छाटायचं, पुन्हा वाकायचं. दिवसभर! प्रत्येक वेळी मानेतून वर्दी, प्रत्येक वेळी सावरणं. वर डोक्यावर मोळी घेऊन चालायचं, तेव्हा पोटऱ्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात आणि शिरांतल्या झडपा, विहिरीवरच्या मोटारीच्या फुटव्हॉल्वसारख्या, ते मागं फिरू देत नाहीत. मात्र घाम निथळला आणि पोटात पाणी नसलं की रक्तच कमी पडतं. मग फडात डोळ्यांपुढं अंधारी येते.

उतारवयात, जुन्या मधुमेहात, काही गोळ्यांनीही हे सावरणं मंदावतं. म्हणून डॉक्टर बीपी झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा बघतात. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १०नं उतरला तर दखल घेतात. जेवणानंतर रक्त आतड्यांकडं वळतं, त्यामुळं वयस्कर माणसांचा बीपी तेव्हा आणखी उतरू शकतो. सध्या घरात कुणी जेवून उठलं की मी मनगट धरायला हजर. आई म्हणते, आधी ताटं उचल.