गरीब स्वभावाचा कोळी

जनावराच्या स्वभावासाठी मराठीत एक शब्द सर्रास वापरतात: गरीब. गाय गरीब आहे. कुत्रं गरीब आहे, पोरांनी शेपटी ओढली तरी काही करत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीबद्दलही हेच म्हणतात, आणि तेव्हा कोणी तिला विचारत नाही की बाई, तू गरीब आहेस की नुसती गप्प आहेस?

टॅरंटुला पाळायचा विचार आहे, हे मी आईला फोनवर सांगितलं. साताऱ्याहून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिने विचारलं, “गरीब असतो का गं तो?”

प्रश्न अगदी योग्य होता. पहिला टॅरंटुला घेणारा जगातला प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो.

मी अ‍ॅरिझोनात, फीनिक्सजवळ राहते. कुत्रा-मांजर ठेवायचं तर इमारतीचं भाडं वाढतं, आणि दिवसाचे दहा तास मी घरात नसते. टॅरंटुलाला कोकोपीट भरलेली पेटी, लपायला आडोसा, पाण्याची वाटी आणि आठवड्याला एखाद-दुसरा रातकिडा एवढं पुरतं. शिवाय इथे तो परका नाही. इथल्या पावसाळ्यालाही ‘मॉन्सून’च म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी सरी पडून गेल्या की वाळवंटातले नर टॅरंटुला बिळं सोडून माद्यांच्या शोधात निघतात. संध्याकाळी डांबरी रस्ता ओलांडताना मी पहिल्यांदा एक पाहिला, तेव्हा गाडी थांबवली. तो इतक्या सावकाश चालला होता की मागच्या गाडीवाल्यानेही हॉर्न वाजवला नाही.

टॅरंटुलाच्या हजाराहून जास्त जाती आहेत. निवड करताना त्यांचे ढोबळ दोन गट पाडतात. अमेरिका खंडातल्या बहुतेक जातींच्या पोटावर बारीक, काटेरी केस असतात. त्रास झाला की टॅरंटुला मागच्या पायांनी ते केस समोरच्यावर उडवतो. आपल्याकडच्या खाजकुयलीची आठवण यावी अशी कातडीला आग होते, आणि डोळ्यात गेले तर प्रकरण डॉक्टरपर्यंत जातं. हे हत्यार हाताशी असल्यामुळे ते चावायला सहसा उठत नाहीत, आणि चावले तरी बहुतेकांचं विष सौम्य असतं. आशिया-आफ्रिकेतल्या जातींकडे असे केस नाहीत. त्यांच्याकडे वेग आहे आणि जास्त जहाल विष आहे. म्हणून नवख्याने पहिल्या गटातूनच निवडावं, असं जाणकार सांगतात.

दुसऱ्या गटातल्या एकाने मात्र मला जवळजवळ पाघळवलं होतं. गडद निळा, पायांवर पिवळे ठिपके, विक्रीच्या पेटीवर नाव ‘गूटी सफायर’. गूटी म्हणजे आंध्रातलं गूटी, मुंबई-चेन्नई मार्गावरचं जंक्शन. लहानपणी तिरुपतीला जाताना आमची गाडी तिथून गेली होती. या कोळ्याची शास्त्रीय नोंद १८९९ साली झाली, ती गूटीच्या रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. मग शंभरेक वर्षं तो शास्त्रज्ञांना दिसलाच नाही. २००१ साली नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि २०१९ पासून त्याच्या संपूर्ण प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. इथे विकतात ती बंदिवासात वाढवलेली पिल्लं. ‘आपल्याकडचा’ म्हणून जीव ओढ घेत होता. पण या प्रजातीच्या चाव्याने स्नायूंना येणारे गोळे कधीकधी कित्येक दिवस टिकतात, आणि तो पेटीतून असा सुटतो की हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. गाववाला असला म्हणून घरात घ्यावाच असं नाही.

उरले तीन. मेक्सिकोचा ‘रेड नी’, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे असलेला, चित्रांत-सिनेमांत दिसतो तो. शांत, पण केस उडवायला तयार. चिलीचा ‘रोज हेअर’, महिनोन्‌महिने न जेवता बसून राहणारा. एक अगदी थंड तर दुसरा कायम चिडलेला. आणि मध्य अमेरिकेतला ‘कर्ली हेअर’, तपकिरी अंगावर कुरळे केस, दिसायला सगळ्यांत साधा आणि स्वभावाने सगळ्यांत भरवशाचा.

वाचत गेले तसा ‘गरीब’ या शब्दाचा अर्थ बदलत गेला. टॅरंटुलाला आठ डोळे असतात, पण नजर अधू असते. जग त्याला कळतं ते पायांवरच्या केसांना जाणवणाऱ्या कंपनांतून. तो माणूस ओळखत नाही, त्याला लळा लागत नाही. तळहातावर शांत बसलेला टॅरंटुला तुमच्यावर विश्वास टाकून बसलेला नसतो. त्याच्या लेखी ती थोडी गरम जमीन असते, आणि ती हलली की तो पळणार. हातातून खाली पडला तर त्याचं मऊ पोट फाटतं आणि तो मरू शकतो. म्हणजे गरीब टॅरंटुला हातावर घेण्यात जास्त धोका त्याला असतो. त्याच्या गरीबपणाचा उपयोग इतकाच, की पाण्याची वाटी भरायला हात आत गेला की तो बाजूला सरकतो. एखाद्याचं सोसणं दांडगं आहे, म्हणून ते किती आहे हे बघत बसायची गरज नाही.

खरी अडचण दुसरीच होती. या जातींची मादी वीस वर्षं सहज जगते. माझा व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून मिळाला तर आणखी तीन. ऑफिसातल्या एकाने उपाय सुचवला, “नर घे. लवकर मरतो.” ते खरंच आहे. वयात आल्यावर बहुतेक नर फार काळ जगत नाहीत. पण आपल्या व्हिसाच्या मापाने दुसऱ्याचं आयुष्य निवडायचं, हे मला पटेना.

शेवटी निवडीचं काम परिस्थितीनेच सोपं केलं. शिक्षण संपवून मायदेशी निघालेल्या एका विद्यार्थ्याला त्याची कर्ली हेअर मादी कोणाला तरी द्यायची होती. वय नऊ-दहा. त्यालाही ती आणखी एका निघून गेलेल्या माणसाकडून मिळाली होती. माणसं तिच्या आयुष्यातून व्हिसा संपेल तशी जात होती, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. मी ती घरी आणली.

पाच महिन्यांनी तिने जेवण सोडलं, आणि एका रात्री ती पाठीवर उताणी दिसली. मेलेला टॅरंटुला सहसा पाय पोटाखाली आवळून पालथा पडतो. उताणा असेल तर तो बहुधा कात टाकत असतो, हे मला माहीत होतं. तरी झोप आली नाही. तेव्हा तिला हात लावायचा नसतो, पेटी हलवायची नसते, रातकिडा आत सोडायचा नसतो. अंग इतकं मऊ झालेलं असतं की साधा रातकिडासुद्धा तिला कुरतडू शकतो. सकाळी पेटीत दोघी होत्या: एक रिकामी, एक नवी. नवीचे विषदंत पांढरे होते. आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “बाळंतिणीसारखं जप हो.”

व्हिसाचा निकाल अजून लागायचा आहे. माझ्यानंतर तिला कोण घेणार, ते ठरवून ठेवलंय, आणि त्यांच्यासाठी एक कागद लिहून पेटीच्या तळाशी चिकटवलाय. कधी खाते, कात कोणत्या तारखेला टाकली, पाणी किती. ‘स्वभाव’ या शब्दापुढे थोडा वेळ अडले, मग लिहिलं: गरीब आहे. म्हणून हातावर घेऊ नये.