जुने आटे, नवे पाने

मोटारसायकल हे आमच्या लेखणीचे क्षेत्र नव्हे. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, तत्त्वज्ञान शिकलो. मॅग्नेटो आणि कार्ब्युरेटर हे शब्द त्या अभ्यासक्रमात नव्हते. परंतु धर्मग्रामात राहणाऱ्याला माणसे जे दाखवतील ते पाहावे लागते. गेली तीन वर्षे नाशिकरोडच्या एका घराच्या पडवीत आम्ही जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

घर एका निवृत्त टर्नर काकांचे. वय अठ्ठ्याहत्तर. देवळालीच्या छावणीतून मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून आपल्या आजोबांनी ही गाडी विकत घेतली, असे ते सांगतात. गाडी ट्रायम्फ कंपनीची, मॉडेल ‘एच’, साल १९२२. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात १९१५ साली हे मॉडेल निघाले आणि पहिल्या महायुद्धात सुमारे तीस हजार गाड्या सैन्याकडे गेल्या. चिखलातून निरोप पोहोचवणाऱ्या शिपायांनी तिला ‘ट्रस्टी’, म्हणजे भरवशाची, असे नाव दिले. सुमारे साडेपाचशे सीसीचे एकच सिलिंडर, तीन गिअर, आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी पट्टा. इंजिनाला तेलही स्वाराने हातपंप दाबून पाजायचे. पंप दाबायला विसरला की इंजिन जागीच आवळलेच म्हणून समजावे!

अशी गाडी दुरुस्त करणे म्हणजे प्रथम तिची भाषा शिकणे होय. आजचे नटबोल्ट मेट्रिक मापाचे. त्यांच्या आट्यांचा कोन साठ अंशांचा. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडात जे आटे प्रमाण ठरवले, त्यांचा कोन पंचावन्न अंशांचा. त्यात सायकलींच्या धंद्यातून आलेले, इंचाला सव्वीस फेरे असलेले बारीक आटे निराळेच. नवा नट जुन्या बोल्टावर दोन फेरे सुखाने चढतो आणि तिसऱ्या फेऱ्याला अडतो. तिथे जोर केला की दोन्ही वाया. काका म्हणतात, “फादर, डोळ्यांना फसवता येतं, पण बोटांना नाही.” त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. नटाचा आटा ते अंगठ्याच्या नखाने ओळखतात.

सुट्या भागांसाठी पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईचा चोरबाजार झाला. टायर परदेशातून मागवावे लागले. कारण या गाडीच्या टायरची जाड कड हवेच्या दाबानेच रिमच्या ओठात अडकून राहते, आणि असे टायर तिकडे आजही थोड्या संख्येने तयार होतात. सिलिंडर अंबडच्या औद्योगिक वसाहतीत घासून घेतले. दुसऱ्या एका गाडीचा पिस्टन लेथवर उतरवून त्यात बसवला. कार्ब्युरेटरमधील पितळी तरंगी गळत होती. ती जुन्या नाशकातील एका तांबटाने डाग देऊन बुजवली. पिढ्यान्पिढ्या हंडे-कळश्या घडवणाऱ्या हातांना तिचे काहीच नवल वाटले नाही. “पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, की आत येऊ द्यायचं नाही, एवढंच ना?” असे म्हणून त्याने काम हाती घेतले.

खरी अडचण मॅग्नेटोची होती. या गाडीला बॅटरी नाही. लोहचुंबकांच्या मधे तारेची गुंडाळी फिरते, तिच्यातच वीज जन्मते आणि प्लगला ठिणगी मिळते. महायुद्धापूर्वी हे यंत्र म्हणजे स्टुटगार्टच्या बॉश कंपनीची जणू मिरासदारीच होती. १९१४ मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांचा हा पुरवठा तुटला आणि त्यांना घाईघाईने स्वतःचे मॅग्नेटो घडवावे लागले. त्याच बॉशचा कारखाना आज आमच्या सातपूरला आहे; जुने नाशिककर त्याला अजूनही ‘मायको’च म्हणतात. या गुंडाळीच्या तारांवर लाखेचे लेपण असते. लाख ही तर आपल्याच रानांची संपत्ती. इथून ती साहेबाच्या देशी जाई आणि यंत्राच्या पोटात बसून परत येई. परंतु आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनाशेजारी ती पाघळते, आणि फिरता भाग चिकटून बसतो. काकांच्या गाडीचे नेमके हेच झाले होते. एका व्यापाऱ्याने ‘अस्सल जुना’ म्हणून मोठ्या किमतीला दुसरा मॅग्नेटो विकला. तो उघडला तेव्हा आत गुंडाळीच नव्हती.

काकांचा मुलगा पुण्याला अभियंता आहे. त्याने व्यवहार्य उपाय सुचवला : जुन्या मॅग्नेटोचे पोट रिकामे करून आत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवावी, बाहेरून कोणालाही कळणार नाही. बापलेकांत यावरून चार महिने अबोला झाला. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी नियम केले. त्यांत नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे आहेत, नित्याच्या वापराला बंदी आहे. आणि मुख्य अट ही की, वाहन मूळ स्वरूपात असावे. हे मूळ स्वरूप म्हणजे काय? थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तर ते जहाज तेच राहते का, हे प्लुटार्कने नोंदवलेले कोडे आम्ही सेमिनरीत घोकले होते. पडवीत ते कोडे ग्रीसच्या वासाचे झाले.

२०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही गोव्यात होतो. तेथे वागातोरला रॉयल एन्फील्डने आपल्या १९०१ च्या पहिल्या मोटारसायकलची प्रतिकृती मांडली होती. ज्यूल्स गोबिये या फ्रेंच तंत्रज्ञाच्या त्या मूळ गाडीचा एकही नमुना आज शिल्लक नाही. जुन्या जाहिराती, लेख आणि छायाचित्रे यांवरून ती नव्याने घडवली गेली. इंजिन पुढे हँडलपाशी, आणि तेथून मागच्या चाकापर्यंत लांबच लांब पट्टा! तिच्यात १९०१ चा एक खिळाही नव्हता. पण ती प्रतिकृती आहे हे उघड सांगितलेले होते, म्हणून तिच्याविषयी आदरच वाटला.

परत आल्यावर हे आम्ही काकांना सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पिस्टन मीही दुसराच घातलाय. नवं घालण्याला माझी ना नाही. नवं असून जुनं म्हणवण्याला आहे.” मुलाला त्यांनी फोनवर हेच वाक्य सांगितले. पुढच्या रविवारी तो पुण्याहून आला, आणि येताना केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे रीळ घेऊन आला.

काकांच्या डोळ्यांना ते काम झेपणारे नव्हते. शेजारची एक मुलगी सातपूरच्या आयटीआयमध्ये शिकते. तिने हजारो फेऱ्यांची ती गुंडाळी भरली. दोनदा तार तुटली, दोनदा तिने पुन्हा आरंभ केला. लाखेच्या जागी आजचे उष्णता सोसणारे लेपण वापरले. काका शेजारी बसून फेरे मोजत. आता ती नखाने आटे ओळखू लागली आहे.

गाडी गेल्या हिवाळ्यात सुरू झाली. आजच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते, जुन्या टाकीला सोसत नाही. म्हणून काम होताच टाकी रिकामी करावी लागते. बिस्किटांच्या एका मोठ्या डब्यात काकांनी जुना पिस्टन, जळकी गुंडाळी, झिजलेले नट असे उतरवलेले सारे भाग ठेवले आहेत. त्यातच एक वही आहे. कोणता भाग बदलला, कधी, कोणी, कशाचा घातला, याची नोंद तिच्यात आहे. नियमांत अशी वही मागितलेली नाही. शेवटच्या काही नोंदी त्या मुलीच्या अक्षरात आहेत, आणि पुढची पाने कोरी आहेत.