अकराव्या मजल्यावरची गोचरी

मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान आणि मागचा म्हणजे संसार. मध्ये एक उंबरठा. बँकेच्या नोकरीत अनेक गावे झाली, पण निवृत्तीनंतर मी त्याच उंबरठ्याशी परतलो. गेल्या दिवाळीनंतर मात्र चिरंजीवांच्या आग्रहास्तव मी, सौभाग्यवती आणि शहाऐंशी वर्षांच्या मातोश्री असे तिघे मलकापूरहून रेल्वेने मुंबईस आलो व मलबार हिलवरील एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर राहू लागलो. गावचे घर विकून या फ्लॅटचे कर्ज हलके करावे, असा मुलाचा विचार होता. गिऱ्हाईकही ठरत आले होते.

या टेकडीचे वैभव मी नाकारणार नाही. बाळ गंगाधर खेर मार्गावर, जुन्या रिज रोडवर, बाबू अमीचंद पनालाल यांचे आदीश्वर भगवंताचे मंदिर आहे; १९०४ सालचे. द्वारी दोन पाषाणी हत्ती, आत शुभ्र संगमरवर. पहाटे तेथे बसल्यावर मुंबईचा कोलाहल कानी येत नाही. पुढे हँगिंग गार्डन. ज्या हिरवळीवर आपण चालतो तिच्या खाली दक्षिण मुंबईला पाणी पुरविणारा जलाशय आहे, हे कळल्यावर माझी पावले उगीचच हलकी पडू लागली. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला असे होणारच! आणि मावळतीचा समुद्र. गावी कडुनिंबाआड सूर्य गेला की आई अंदाजाने चोविहार करीत असे. येथे तो पाण्यात बुडताना प्रत्यक्ष दिसतो. अर्थात त्या वेळी ताटावर आम्ही तिघेच. मुलगा व सूनबाई नऊनंतर येतात.

इमारतीचा मासिक देखभाल खर्च माझ्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराहून अधिक आहे. त्या खर्चात पहारेकरी येतो, इंटरकॉम येतो, दोन लिफ्ट येतात. शेजारी भले आहेत. लिफ्टमध्ये भेटले की ‘जय जिनेंद्र’ होते आणि मजला आला की दार मिटते. परंतु पहारेकऱ्याने विचारल्यावाचून कोणी आपल्या दारी येत नाही, हे आईला उमगायला महिना लागला.

गावी विहारातील साध्वीजी आल्या की ‘धर्मलाभ’ हा शब्द दुकानातून थेट स्वयंपाकघरात पोहोचे. आईचे जेवण त्या शब्दासाठी थांबलेले असे. येथे उपाश्रय जवळ, साध्वीजी पुष्कळ. पण त्या लिफ्ट वापरत नाहीत, आणि अकरा मजले कोण चढणार? खाली नेऊन वहोरवावे तर समोर आणलेला आहार त्यांना कल्पत नाही. रोज दुपारी आई दाराशी खुर्ची टाकून बसे. तिने तक्रार केली नाही, फक्त जेवण उशिरा करू लागली.

अखेर सौभाग्यवतीने उपाश्रयात विनंती केली. वैशाखातील एका दुपारी दोन तरुण साध्वीजी जिना चढून आल्या. कपाळ घामाने भिजलेले, श्वास लागलेला, तरी मुखावर प्रसन्नता. आईने थरथरत्या हातांनी दोन फुलके आणि थोडी मुगाची डाळ वहोरवली. त्यांनी अधिक घेतले नाही. जिन्यावरची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत ती दारातच उभी होती.

आता तिचे समाधान झाले, असे मला वाटले. रात्री ती म्हणाली, “माझ्या पुण्यासाठी त्यांना एवढं चढवू नका रे. चातुर्मासाच्या आत मला घरी ने.”

तीस वर्षे मी लोकांच्या घरांची तारणमूल्ये ठरविली. आमच्या घराचा कागदही करून ठेवला होता: भाव, फिटणारे कर्ज, वाचणारे व्याज. हिशेबात चूक नव्हती. त्या रात्री तो पुन्हा तपासला, तेव्हाही सापडली नाही.

सकाळी मुलाला सांगितले, इसार तूर्त घेऊ नकोस. तो बराच वेळ बोलला नाही. हप्ता त्यालाच भरायचा आहे, त्याचेही खरे आहे. मग त्याने फोन उघडून मलकापूरची तीन तिकिटे काढली आणि विचारले, “आजीला खालचा बर्थ ना?”