दोन सेंटिमीटरचे बीडकर

पुण्याला कोथरूडमध्ये जोशांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेतून उभे राहिलेले ते इवलेसे शहर १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुले झाले. मुलाबाळांना घेऊन पुणे पाहिलेल्यांना ते ठाऊक असेलच. मुले गाड्यांमागे डोळे फिरवतात. मी मात्र रुळांच्या कडेची माणसे पाहत रेंगाळतो. तिथून परतताना आमच्या भाच्याने जाहीर करून टाकले, "मामा, आपण बीडचं स्टेशन करायचं!"

बीडचे स्टेशन! अहो, हे दोन शब्द आमच्याकडे कित्येक वर्षे विनोदाचे म्हणून चालत. परळीला निजामाच्या राजवटीपासून गाडी, पण जिल्ह्याचे मुख्य गाव मात्र तसेच. नगर-बीड-परळी मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आष्टीपर्यंत गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी धावली आणि बीडला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले पोर गाडी येईपर्यंत तीस वर्षांचे होऊन बसले होते.

खेळातल्या रेल्वेचे एक रूढ माप आहे, एकास सत्त्याऐंशी. या मापाने २६१ किलोमीटरचा आमचा सबंध मार्ग बरोबर तीन किलोमीटरचा होतो. आमच्याकडे होती आठ फुटी प्लायवूडची फळी. तिच्यावर खऱ्या जमिनीचे जेमतेम दोनशे बारा मीटर मावतात! एक फलाट, एक पूल, पुलापलीकडे वस्तीतली चार घरे आणि मागे डोंगर, की संपला पसारा. तेव्हा जिल्हा ओळखू यायचा तो रुळांवरून नव्हे, रंगांवरून.

रंग टिपायला म्हणून मी वही घेऊन बीडहून नगरच्या गाडीत बसलो. मराठीच्या प्राध्यापकाने खिडकीशी बसून मातीचे रंग लिहून घ्यावेत, याचे समोरच्या आजीबाईंना फार नवल वाटले. "सर्व्हे करता का जी?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "तसंच काहीसं." विघनवाडी, अंमळनेर, आष्टी, कडा अशी स्टेशने मागे पडत होती आणि वही भरत होती. बालाघाटचे डोंगर माथ्यावर सपाट, जणू वरून कुणी सुरीने कापलेले. अंगावर कातळाचे आडवे थर, पण दुरून पाहावे तर ते थरही निळसर धुक्यात बुडालेले. रुळांखालची खडी काळ्या दगडाची, निळसर करडी. स्लीपर सिमेंटचे. नव्याने कापलेल्या मुरमाचा रंग तांबूस, अजून गवत न उगवलेला. या मार्गाचे कोवळे वय त्या मुरमावरूनच कळते.

बाजारात मिळणारे सामान बहुतेक जर्मन वळणाचे. झाडे सूचिपर्णी, छपरे लाल आणि उतरती, खडी बदामी. ते तसेच मांडले तर आमच्या बिंदुसरेची ऱ्हाइन व्हायची! म्हणून बाभळीच्या वाळक्या काड्यांच्याच बाभळी केल्या. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून त्याचे लिंब केले. घरांना धाब्याची सपाट माळवदे दिली. काळी माती खऱ्या शेतातली आणून चाळली आणि पातळ फेव्हिकॉलवर पसरली, तर ती डांबरासारखी दिसू लागली. लहान मापात गडद रंग अधिकच गडद भासतो. मग खडूची पूड मिसळली, तेव्हा कुठे ती शेतातली वाटली.

माणसांची खरी मौज. पावणेसहा फुटांचा गडी या मापात दोन सेंटिमीटरचा होतो. प्लॅस्टिकच्या साहेबाची हॅट कानशीने घासायची, मेणाचा पटका बांधायचा, पाटलोणीवर पांढरा रंग चढवायचा, झाले धोतर. झग्यातल्या मडमेला नऊवारी नेसवणे मात्र तीन शून्यांच्या ब्रशालाही जड गेले. काठ काढताना श्वास रोखावा लागतो.

डोंगराच्या टोकाला खंडोबाच्या दोन दीपमाळा बसवल्या. अंतराचा हिशेब इथे आम्ही गुंडाळून ठेवला. दीपमाळा पाहून भाच्याला कल्पना सुचली की देखावा दिवाळीचा करावा. त्याने चारही घरांची दारे उघडी रंगवली, उंबऱ्यात पिवळे ठिपके दिले, अंगणात माणसे उभी केली.

माझा एक विद्यार्थी रंगकामाला हात द्यायला येत असे. पाटोदा तालुक्यातला, आईबाप ऊसतोडीला जाणारे. तो बराच वेळ त्या घरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, दिवाळीत एवढी दारं उघडी कशी?"

बीडबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि आमच्या गावागावांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'एक कोयता' म्हणून मोजतात. पुढचे कित्येक महिने त्यांचा संसार पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत. गावात उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या गळ्यात टाकलेली शाळकरी पोरे.

भाचा हिरमुसला. "पण मामा, गाडी आली म्हणून तर आपण हे करतोय ना? गाव रिकामं कसं दाखवायचं?" त्याचेही खोटे नव्हते. गाडी आलीच आहे, आणि ती येण्यासाठी माणसांनी वाट पाहिली आहे. मी म्हटले, दोन्ही दाखवू. वाद बराच रंगला. दोन दिवस ब्रश पाण्यातच पडून होते.

अखेर तीन दारे मिटली. त्या विद्यार्थ्याने टाचणीच्या टोकाने प्रत्येक कडीखाली सोनेरी रंगाचा एकेक ठिपका दिला; ती कुलपे. चौथे दार उघडे राहिले, तिथले पिवळे ठिपकेही राहिले. ओट्यावर नऊवारीतली आमची मडम बसली, शेजारी दप्तर घेतलेला पोरगा. टायरची बैलगाडी पुलाखाली उभी केली: तीत भांडी, गोधड्या, वर बांधलेली शेळी. शेळी एवढी बारीक, की कान रंगवताना दोनदा मोडला.

भाच्याने विजेचे बटण दाबले. गाडी पुलावरून धडधडत गेली आणि तिच्या हादऱ्याने पुलाखालची बैलगाडी दोन बोटे पुढे सरकली. "चिकटवायची राहिली," म्हणत तो फेव्हिकॉल शोधायला उठला.