हजेरी आणि स्वाध्याय

ग्राहक दुकानाची पायरी चढला म्हणजे विक्री झाली, असे आपल्यापैकी कोणी मानत नाही. ऑनलाइन वर्गात मात्र पडद्यावर नाव उमटले की विद्यार्थी हजर धरला जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, महाविद्यालये मोबाइलवर आली आणि हजेरी व अध्ययन यांतील हे अंतर घरोघरी दिसू लागले.

त्या काळात पेडगावातील, नात्यातल्याच पाच वाणिज्य विद्यार्थ्यांना मी सायंकाळचे भोजन आटोपल्यावर मोबाइलवरून हिशेबशास्त्र शिकवीत असे. कोणाचा फोन दिवसभर वडिलांकडे दुकानात, तर कोणाला नेटवर्क केवळ गच्चीवर. अशा मुलांना तासभर नुसते ऐकवणे व्यर्थ होते.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ऑनलाइन व्याख्यान बहुधा पहिल्याच अंगावर थांबते. म्हणून मी दहा मिनिटे विवेचन करी आणि लगेच विचारी, "उधारीवर सरकी विकली, नावे कोणाचे खाते, जमा कोणते?" प्रत्येकाने उत्तर वहीत लिहून त्याचे छायाचित्र पाठवायचे. कॅमेरा बंद असला तरी चाले. उत्तर मात्र हवेच. दुसऱ्या दिवसापर्यंत घरच्या दुकानातील तीन बिलांच्या नोंदी करायच्या, ही अनुप्रेक्षा. जुन्या नोंदींची उजळणी हा आम्नाय. शनिवारी एकाने इतरांना शिकवायचे, हे धर्मोपदेशाचे लौकिक रूप.

एरवी अबोल असलेल्या एका मुलीने एकदा विचारले, "बाबा घरखर्चासाठी गल्ल्यातून पैसे घेतात, तो दुकानाचा खर्च का नव्हे?" त्या सायंकाळी दुसरा विषय निघालाच नाही. मालक आणि व्यवसाय वेगळे का मानायचे, हे पाचही जणांना उमगले. पुढे तिच्या वडिलांनी उचलीचे स्वतंत्र खाते घातले.

साथ ओसरली तरी हा विषय संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरून पूर्ण करता येतात. आपली मुले-मुली दुकान सांभाळून याच मार्गाने शिकतील. त्यांना "वर्ग झाला का?" असे विचारण्यापेक्षा "आज तू कोणता प्रश्न विचारलास?" असे विचारावे. त्यांच्या शिक्षणाचा खरा ताळेबंद त्या उत्तरातच दिसेल.