चिंच आणि आमसूल

'आईच्या हातची चव' म्हणताना त्या हाताला वळण कुणी लावलं, हे आपण सहसा विचारत नाही. माझ्या आईचं माहेर राजापूरकडचं आणि सासर बार्शीचं. ओल्या नारळातून ती एकदम शेंगदाण्याच्या कुटात येऊन पडली. तांदळाच्या भाकरीवर वाढलेली मुलगी ज्वारीची भाकरी थापायला शिकली. काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं आणि कितपत भाजायचं ते शिकली, पुरणाच्या दिवशी येळवणी करायला शिकली. शिकवणारी अर्थातच आजी. म्हणजे लहानपणी मी आईच्या हातचं म्हणून जे जेवलो, ते आजीचं होतं.

हे आमच्याच घरचं नाही. 1970 साली आलेल्या 'रुचिरा'नं कितीतरी नवख्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापानं स्वयंपाकाला उभं केलं. ती लिहिणाऱ्या कमलाबाई ओगलेही सासूबाईंच्याच हाताखाली तयार झाल्या होत्या. घरची चव आईकडून लेकीकडे जाते असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, आपल्याकडे ती बहुतेक वेळा सासूकडून सुनेकडे गेली. लेकींनी माहेरची चव नेली खरी, पण परक्या गावी नेऊन झाकून ठेवली.

आईनं काय झाकून ठेवलं होतं, ते दर उन्हाळ्यात मामाकडून येणाऱ्या पिशवीत दिसायचं. फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि आमसुलं. फणसपोळीवर आमचा हक्क. कुळथाची पिठी वडील परगावी गेले की व्हायची, आणि ती आमच्यापेक्षा आईसाठीच असायची. उरली आमसुलं. रातांब्याची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात भिजवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रसात टाकायची. अशी पुटं चढत चढत ती काळीभोर होतात. आजीच्या लेखी मात्र आमसूल म्हणजे औषध. अंगावर पित्त उठलं की भिजवून चोळायचं. आमटीला चिंचच.

पुढे आजीचे गुडघे दुखायला लागले. 'चिंच सांध्यांना वाईट,' असं आई एकदा सहज बोलल्यासारखं बोलली आणि आजीच्या आमटीत आमसूल पडलं. एकट्या माणसासाठी वेगळी आमटी रोज कोण करणार? लवकरच सगळ्या घराची आमटी आमसुलाची झाली. यात वैद्यक किती आणि माहेर किती, हे आईनं कधी सांगितलं नाही. सोय मात्र उघड होती. चिंच भिजवा, कोळा, गाळा, तिचा कच्चेपणा जाईपर्यंत उकळा. आमसुलं उकळीत दोन-तीन टाकली की काम झालं. सकाळच्या डब्यांच्या घाईत हे काही थोडं नव्हे. वडील बरेच दिवस 'आमटी पातळ झालीय' म्हणत राहिले. आमटी पातळ नव्हती.

गणपतीतले मोदक मात्र तळणीचेच राहिले. आईला उकडीचे किती सुरेख येतात, हे आम्हाला मामाकडे गेल्यावर कळलं. नैवेद्याला तिनं हात लावला नाही, रोजच्या आमटीला लावला. मला तर हे घरातलं सगळ्यात मुरलेलं राजकारण वाटतं.

धाकटी बहीण माझ्याहून बरीच लहान. तिला कळू लागलं तेव्हा आमटीतून चिंच गेलेली होती. त्यामुळे आम्ही दोघं भावंडं दोन वेगळ्या आयांच्या हातचं जेवलोय. माझी आमटी चिंच-गुळाची. तिची आमसुलाची, वर ओलं खोबरं. हे खोबरं कधी आलं मला पत्ताच नाही. मी तेव्हा पुण्यात मेसमध्ये जेवत होतो. 'दादा, तुझी ती आजीची आमटी,' असं ती ठणकावून सांगते. मला ते पटत नाही. इतकी वर्षं रोज सकाळी चिंचेचा कोळ काढणारा हात कुणाचा होता? शिकवलेलं असलं तरी राबून राबून काही आपलं होतच असेल की.

गेल्या दिवाळीत भांडण फारच रंगलं, तेव्हा आईलाच विचारलं, यातली तुझी आमटी कुठली?

माझी बायको जळगावकडची. आई म्हणाली, "आता सूनबाई लसणाची फोडणी देऊन करते ना, ती. तुमच्या त्या दोन्ही मिळमिळीतच होत्या."