गोंदणाचा हंगाम

आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. उजव्या हातावर तुळशीवृंदावन, डाव्यावर विंचू आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थोरल्या भावाचं नाव. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याच्या मुलखात तिचं सारं आयुष्य गेलं. सरकारदरबारी तो आता राजगड तालुका झाला आहे, पण माहेर म्हटलं की माझ्या तोंडी वेल्हेच येतं. "मेल्यावर अंगावरचा मणीसुद्धा काढून घेत्यात, गोंदलेलं तेवढं संगं येतं," असं ती म्हणायची. मी तिच्या विंचवावरून बोट फिरवत बसायची. कातडी सुरकुतली होती, नांग्या हिरवट पडून पसरल्या होत्या. पण एकही ठिपका पुसला गेला नव्हता.

का पुसला जात नाही, हे पुढं वाचनात आलं. सुई शाई नेऊन ठेवते ती कातडीच्या वरच्या, सतत झडणाऱ्या थराच्या खाली. तिथल्या भक्षक पेशी ते कण गिळतात. पण काजळीचे कण काही त्यांना पचत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की ही पेशी मेली की तिचा रंग शेजारची नवी पेशी उचलून घेते. म्हणजे आजीचा विंचू जन्मभर एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जात होता. हे वाचलं तेव्हा मला तिची फार आठवण आली.

तिच्या गावात गोंदणारीण यायची ती भात झोडून झाल्यावर. तिला पैसे कोण देणार? सुपात भात घालायचे, म्हणून ती सुगी उरकल्यावरच फिरायची. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खललेली. टोचून झालं की वर हळद आणि तेल. मग त्या पोरीला काही दिवस शेणात हात घालू द्यायचे नाहीत, धुणं घेऊन नदीवर धाडायचं नाही. एरवी उसंत न मिळणाऱ्या घरात गोंदलेल्या हाताला एवढी सूट होती. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी थंडी, अंगाला घाम नाही, शेतात चिखल नाही. जखम भरायला आमच्याकडे याहून चांगले दिवस नाहीत.

आईनं मात्र गोंदवून घेतलं नाही. ती शाळेत गेली होती, आणि शिकलेल्या बायकांनी गोंदू नये असं तेव्हा वारं होतं.

माझं नाव माझ्या हातावर उमटलं ते भोरकडच्या एका जत्रेत, भर चैत्रात. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीनं विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याचंच कुणी लांबचं भावंड बॅटरीवर घरघरत होतं. पुढं नमुन्यांचा फळा, मागं पोरापोरींची रांग, आणि सगळ्यांना तीच सुई. त्या सुईतून कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही पसरू शकतो, हे तिथं कुणी बोलत नव्हतं. वर जत्रेतली धूळ, गुलाल, घाम. माझा हात कोपरापर्यंत सुजला, अक्षरांतून पू आला, भोरला डॉक्टरांकडं जावं लागलं. नावातलं एक अक्षर कायमचं फिसकटलं.

म्हणून लेकीनं पुण्यात दंडावर आजीचंच तुळशीवृंदावन काढून घेतलं, तेव्हा मी आधी विचारलं, "सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं का?" फोडलं होतं. शाईही नव्या टोपणात ओतलेली होती. पण तिसऱ्याच दिवशी घरच्या लग्नासाठी ती गावी आली. महिना वैशाखाचा, वर पत्रा, दुपारभर वीज गेलेली. पार्लरच्या कागदावरच्या सूचना वातानुकूलित खोलीसाठी ठीक होत्या. इथं घाम जखमेवरून ओघळत होता.

मलमाचा जाड थर देऊ नका, हे मी त्या आठवड्यात शिकले. उकाड्यात जाड मलमाखाली घाम कोंडतो आणि पुरळ उठतं. उकळून कोमट केलेलं पाणी, बिनवासाचा साबण, आधी माझे हात धुवायचे, मग तिचा दंड. मऊ स्वच्छ कापडानं टिपायचं, घासायचं नाही, आणि मलमाचा जेमतेम हात फिरवायचा. घाम आला की पुन्हा धुऊन टिपायचं. रात्री उशीच्या अभ्र्याला दंड चिकटला, तेव्हा मी ओढू दिलं नाही; पाणी लावून सोडवला. पुढं कांद्याच्या पापुद्र्यासारखी काळी साल सुटू लागली, खाज अनावर झाली. ती नखानं काढली असती तर सालीबरोबर रंगही गेला असता. हळद लावायला चुलती पुढं झाली, तिला मी थांबवलं. माया खरी, पण डब्यातली पूड जंतुविरहित नसते. भावंडं भाटघरच्या पाण्यात पोहायला निघाली, लेक काठावर सावलीत बसली. जखम भरेपर्यंत नदी, विहीर, धरण, सगळंच वर्ज्य. ऊनही. लालसरपणा पसरत गेला, ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठायचा.

आमच्या खोऱ्यांतली पोरं हल्ली दंडावर राजमुद्रा, मानेवर त्रिशूळ काढून घेतात आणि भरतीच्या तयारीलाही लागतात. सैन्यात सर्वसाधारण उमेदवाराला कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूचं आणि तळहाताच्या मागच्या बाजूचं गोंदणच चालतं. फक्त आदिवासी जमातींच्या रूढीला सवलत आहे. गोंदल्यावर १२ महिने रक्तदानही करता येत नाही. हे त्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं.

मला गोंदणाचं प्रेम आहे, आणि लेकीच्या दंडावरची तुळस पाहून माझा ऊर भरून येतो. पण चैत्र-वैशाखात घाम आणि जत्रा, आषाढात आवणीचा चिखल, श्रावणात न वाळणारे कपडे, यांत ओली जखम सांभाळणं अवघड आहे. भोर-वेल्ह्याकडच्या पोरापोरींनो, गोंदवायचं असेल तर भात घरात येऊ द्या, थंडी पडू द्या. आणि सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं नाही, तर तिथून उठून या.